निळीच्या रांजणासाठी सोडलेली बातमी

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला अठ्ठ्याहत्तर पुरी झाली होती. त्या वयात माणसाला नवीन काही शिकवू नये. शिकलेलं वापरायला वेळ उरत नाही, नुसता जाच होतो. मला माझ्या नातीनं शिकवलं.

शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं मी आमच्या समाजाच्या देवळातल्या भजनाच्या वहीवरून गिरवली. ऱ्हस्वदीर्घ चुकेल. चुकू दे. मी पंडित नाही, रंगारी आहे.

लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत एके काळी दारोदारी कापड वाळत असायचं. वरून रंगाचं पाणी ठिबकायचं म्हणून पोस्टमन उन्हाळ्यातसुद्धा छत्री उघडून यायचा. मग डब्यातले रंग आले. भाऊबंदांनी डबे घेतले, नंतर डबेही सोडले. कोणी ऑफिसात चिकटला, कोणी भांड्याचं दुकान घातलं. मी देशी निळीचा रांजण सोडला नाही. परसात गळ्यापर्यंत पुरलेला, माझ्या बापानं बसवलेला. बेंगळूरच्या एक बाई तेवढ्यासाठी गाडी करून यायच्या, म्हणायच्या असा निळा आता कुठं मिळत नाही. लोक मला हट्टी म्हणत. म्हणोत.

नीळ ही मेलेली वस्तू नाही. चुना, गूळ आणि टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया घालून ती आंबवायची, रोज ढवळायची, थंडीत घोंगडी पांघरायची. जागी असली की रांजणातलं पाणी हिरवट पिवळं दिसतं आणि वर तांब्यासारखा तवंग धरतो. नासली की पाणी छान निळं दिसतं आणि कापडाला शिवतसुद्धा नाही. बघणाऱ्याला वाटतं, वा, केवढी निळी. उलट असतं सगळं.

माझा एकुलता मुलगा दोन हजार तीन साली गेला. त्याची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला मी आणि माझ्या बायकोनं वाढवलं. बायकोही आता नाही. मुलीची आई, म्हणजे माझी सून, आहे. सरगूरला भावाच्या घरामागे एका खोलीत राहते, ब्लाउज शिवते. नात दर उन्हाळ्यात पंधरा दिवस तिच्याकडे जायची आणि परत यायची. सून मात्र वीस वर्षांत आमच्या गल्लीत आली नाही. माझ्या बायकोच्या तेराव्यालासुद्धा नाही.

नात शिकत शिकत बेंगळूरला गेली आणि तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत राहून डॉक्टर झाली. औषध देणारी नव्हे. गल्लीतल्या बायका अजून तिला गुडघे दाखवतात. आमच्या समाजात एवढं शिकलेली पहिलीच मुलगी, म्हणून देवळाशेजारच्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठरला. पुढच्या रविवारी. शाल, नारळ, आणि तिनं सोप्या भाषेत चार शब्द बोलायचे. त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी, ती घरी आली, कॉफीचे दोन पेले घेऊन परसात आली आणि रांजणावर मी फरशी टाकून ठेवली आहे तिच्यावर बसली.

"अज्जा, आई येणार नाही म्हणते."

"शिलाई असेल. लग्नाचे दिवस आहेत."

"सुम्मा काहीतरी सांगू नका. दर वेळी तेच." उगीचला आमच्या घरात सुम्मा म्हणतात. "मला शाल नको, नारळ नको. त्यांनी स्टेजवर आईबापांच्या म्हणून दोन खुर्च्या ठेवल्यात. एकीवर तुम्ही बसाल. दुसरी रिकामी ठेवून मी काय बोलू?"

मी कॉफीवरची साय बोटानं बाजूला काढली.

"ती का येत नाही ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "लाजते. तिच्यामुळे पप्पांना झालं, म्हणून. मी तिला कधी बोलले नाही, अज्जा. पण माझ्या मनात आहे, आणि ते तिला दिसतं."

मी कॉफी प्यायलो. गार झाली होती तरी प्यायलो.

मुलाला झाला होता तो एचआयव्ही. हे नाव मी माझ्या तोंडानं कधी घेतलं नव्हतं, इथं पहिल्यांदा लिहितो आहे. नात शिकली तेही त्याच रोगाबद्दल. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. उत्तर घरातच होतं. त्या दिवशी मात्र विषय बदलायचा म्हणून मी म्हणालो, "काय शिकलीस ते सगळे विचारतात. कसं शिकलीस ते मला सांग बघू. मला कळलं तर हॉलमध्ये कोणालाही कळेल."

ती हसली. तिला सांगायला आवडतं. त्या बाबतीत ती बापावर गेली आहे.

"रक्तात पोलीस असतात असं सगळे सांगतात. माझ्या पेशी पोलीस नाहीत. त्या कचरा खातात. मॅक्रोफेज म्हणतात त्यांना."

"म्हणजे पौरकार्मिक." सकाळी झाडू आणि गाडी घेऊन येतात त्यांना आमच्या शहरात असं म्हणतात.

"बरोबर. मेलेलं, सडलेलं, जंतू, सगळं गिळतात. हा व्हायरस त्यांच्यातही शिरतो. दुसऱ्या पेशी तो शिरला की थोड्या दिवसांत मरतात. या मरत नाहीत. पोटात घेऊन बसतात."

"बसून काय करतात?"

"तेच माझं काम. कधी नुसत्या बसतात. कधी त्यांच्या पोटात तो वाढतो आणि बाहेर पडत राहतो. ते कशावर ठरतं? सुद्दीवर."

सुद्दी म्हणजे कन्नडात बातमी. तिला मराठी शब्द वेळेवर सापडत नाहीत, आणि आमच्याकडे ते चालतं.

"पेशी काय गप्पा मारतात?"

"बारीक कण सोडतात. ते जाऊन शेजारच्या पेशीला लागतात. शत्रू आलाय, ताप चढवा, आता पुरे, असं सगळं त्या कणांतून कळतं. सायटोकाइन. काही सुद्दी अशा असतात की ऐकली की पेशी खवळते, आणि त्या खवळण्याचाच फायदा घेऊन व्हायरस वाढतो. काही अशा की पेशी आतून कड्या घालते, त्याला वाढू देत नाही. आणि काही दोन्हीकडच्या. आधी पोचली तर अडवते, तो शिरल्यावर पोचली तर वाढवते."

"तीच बातमी?"

"तीच. वेळ वेगळी. आणि माणूस वेगळा. एकाच्या रक्तातल्या पेशी जे करतात ते दुसऱ्याच्या करतीलच असं नाही. त्यात माझी दोन वर्षं गेली."

"आणि बातमी खोटी असली तर?"

मी हे सहज विचारलं. सहज विचारलेलंच अंगाशी येतं.

"पेशीला खरं खोटं कुठं कळतं, अज्जा? मी रक्तातून त्या वेगळ्या काढते, आठवडाभर प्लेटमध्ये वाढवते आणि वरून बाटलीतली सुद्दी घालते. तिथं ताप नसतो, जखम नसते. तरी पेशी ती खरी मानते आणि कामाला लागते."

"म्हणजे खोट्या बातम्या सोडायची नोकरी."

"पगारी खोटारडी," ती म्हणाली.

मला एवढं हसू आलं की खोकला लागला. "मग रंगाऱ्याचीच नात शोभतेस," मी म्हणालो, आणि तिला ते सांगून बसलो जे सांगायला नको होतं.

आमच्या धंद्यात एक चाल होती. नीळ नासली आणि काही केल्या जागी होईना, तर रंगाऱ्यानं गल्लीत एक खोटी बातमी सोडायची. बातमी जितकी लांब जाईल तितकी नीळ लवकर जागी होते. त्याचे नियम होते. स्वतः जाऊन तीन ठिकाणी सांगायची. सांगताना हसायचं नाही. आणि एकदा सोडली की ती खोटी होती असं परत सांगत फिरायचं नाही, नाही तर रांजण पुन्हा नासतो. माझ्या बापानं एकदा सोडलं होतं की चामुंडीच्या डोंगरावरच्या दगडी नंदीनं मान वळवली. लोक पायऱ्या चढून बघायला गेले, आणि त्यातले चारदोन परत येऊन म्हणाले, हो, थोडी वळली आहे. मी एकदा सोडलं की राजवाड्याचा हत्ती मराठीत बोलतो, माहुताला शिव्या देतो. आठ दिवसांनी तीच बातमी मला नंजनगूडच्या बाजारात एकानं सांगितली, वर दोन शिव्या जास्तीच्या.

पण त्यात वाईट नव्हतं, कारण गल्ली रंगाऱ्यांची होती. कोणी काही अचाट सांगितलं की म्हातारी माणसं डोळे बारीक करून विचारायची, "कोणाची नीळ नासली?" मग सगळे हसायचे आणि बातमी तरीही पुढं ढकलायचे. तेवढी एक कडी होती दाराला.

नात हसून हसून फरशीवरून घसरायची बाकी होती. "हे मी भाषणात सांगणार. अय्यो अज्जा, हे तुम्ही मला आज सांगता? तुम्ही शेवटची कुठली सोडलीत? मी तीच सांगते."

मी रिकामा पेला हातात फिरवत राहिलो. हत्तीची म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिला काय कळणार होतं? पण ती विचारत होती तशी मला माझ्या आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं, जसं काही मला खरंच काहीतरी माहीत आहे. आणि मी रंगाच्या बाबतीत कधी खोटं सांगितलं नाही. हा गर्व मला नडला.

"शेवटची तुझ्या आईची," मी म्हणालो.

मुलगा कापडाचे गठ्ठे घेऊन तिरुप्पूर, सेलम करायचा. महिना महिना बाहेर. परत आला तो एकदा तापानं आला आणि मग उठलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते मला कळलं नाही, मुलानंच दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून सांगितलं. "अप्पा, हे मी आणलंय. बाहेरून. तिला काही बोलू नका, तिलाही माझ्यामुळेच झालं असणार." तसंच निघालं. सुनेला होता, पोरीला नव्हता. मुलगा गेला. दोनतीन वर्षांनी सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या. सून त्यांच्यावरच जगली आहे. तो जगला असता की नाही हा हिशेब मी करत नाही. करतो, पण सांगत नाही.

त्या दिवसांत रांजणाला कोणी हात लावला नव्हता. तेराव्यानंतर झाकण काढलं तर आत निळंशार पाणी. मेलेलं. आणि गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न, कशानं गेला? सुनेच्या हातचं पाणी शेजारणी घेईनाशा झाल्या होत्या, काहीतरी कळलं होतंच. माझा मुलगा. रंगाऱ्यांच्या घराण्यातला. मी केस कापायच्या दुकानात गेलो, मग नळावर गेलो, मग देवळाच्या कट्ट्यावर. तिन्ही ठिकाणी सांगितलं की सुनेनं माहेराहून आणलं, लग्नाआधीच होतं, आम्हाला फसवलं. हसलो नाही. हसायला काही नव्हतंच.

कोणी विचारलं नाही, कोणाची नीळ नासली. गल्ली तोवर दुसऱ्याच लोकांची झाली होती, आणि जी आमची होती ती मान खाली घालून ऐकत होती. बातमी तिच्या माहेरी सरगूरलाही पोचली.

तिसऱ्या दिवशी रांजणावर तांबडा तवंग आला. मी म्हटलं, झालं, मान्य झालं.

सून परसात आली तेव्हा मी ढवळत होतो. "मामा," ती म्हणाली, "ते मला सांगून गेलेत. तुम्हालाही सांगून गेलेत." मी ढवळत राहिलो. ती रांजणाजवळ आली. मग म्हणाली, "पोरीला इथंच ठेवा. शाळा जवळ आहे. तिकडं तिला माझ्यावरून बोलतील. पण तिला काय सांगाल?" मी म्हणालो, "काही सांगणार नाही." ती म्हणाली, "तेवढं पाळा." मी पाळलं. मला सांगायची गरजच पडली नाही, गल्लीनं सांगितलं.

हे सगळं मी नातीला याच क्रमानं सांगितलं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो.

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "त्या तीन दिवसांत रांजणात काय घातलंत?"

"काय म्हणजे? गूळ. दोन ढेपा. कोमट पाणी. रात्री घोंगडी टाकली."

"मग गुळानं जागा झाला, अज्जा. आणि उबेनं. तुमच्या सुद्दीनं नाही."

हे मला माहीत नव्हतं असं मी इथं लिहिणार नाही. माझ्या बापालाही माहीत होतं. बातमी सोडल्यावर रंगारी निवांत घरी बसत नाही, गूळ घालतोच.

"आईला माहीत होतं, हे तुम्ही सोडलं म्हणून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ती वीस वर्षं..." ती एवढंच म्हणाली. फरशीवरून उठली, दोन्ही पेले नळाखाली विसळले, पुन्हा विसळले. माझ्याकडे पाठ होती. "मी दहा वर्षांची असताना सरगूरला तिच्या पंगतीला बसायची नाही. रोगाला भिऊन नाही. तो लागत नाही जेवून, ते मला तेव्हाही माहीत होतं. रागानं. तिनं माझ्या पप्पांना मारलं म्हणून. ती ताट वाढायची आणि बाहेर मशीनवर जाऊन बसायची, मी जेवून उठेपर्यंत."

मी म्हणालो, "तुला सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं."

"आणि गल्लीला सांगायचं कोणाला कबूल केलं होतं?"

तिच्या आवाजात राग असता तर मीही चढा आवाज काढला असता, मला तेवढं येतं. पण ती अगदी हळू बोलत होती, प्रयोगशाळेत बोलत असेल तशी.

"पुढच्या रविवारी दोन खुर्च्या आहेत," ती म्हणाली. "आई या गल्लीतून चालत येईल, पुढच्या दारानं, आणि एकीवर बसेल. तसं झालं तर मी स्टेजवर जाईन. नाही तर शाल तुम्हीच घ्या."

"ती येणार नाही असं तूच म्हणालीस."

"ती का येत नाही ते मला आज कळलं. गल्लीत तिला काय म्हणतात ते बदललं तर येईल. ते कोणी बदलायचं?"

"सोडलेली बातमी परत घ्यायची नसते," मी म्हणालो. माझ्या तोंडून हेच निघालं. "तसा नियम आहे. रांजण नासतो."

ती आत जायला निघाली होती. दारात थांबून तिनं फरशीकडे बघितलं. "रांजण दहा वर्षं रिकामा आहे, अज्जा. आत नासायला आहे काय?"

संध्याकाळी तिनं मला जेवायला वाढलं आणि आपलं ताट घेऊन पुढच्या खोलीत गेली. मी उठेपर्यंत ती आली नाही. तिनं हे मुद्दाम केलं की कसं, मी विचारलं नाही. मला पुरतं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि निघालो. केस कापायच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, त्याचं शटर बंद होतं. मी शटरसमोर उभा राहिलो, तिथं बातमी परत घ्यायला कोणी नव्हतं. नळ काढून टाकला आहे, तिथं दुधाचा बूथ आहे. पाचसहा जण पिशव्या घेऊन उभे होते. त्यांना मी आधी कन्नडात आणि मग मराठीत सांगितलं की माझ्या मुलानं तो रोग बाहेरून आणला, सुनेला त्याच्याकडून झाला, आणि उलटं सांगणारा मी होतो. एकानं मान हलवली. एक बाई म्हणाली, "असू दे हो तात्या, आता कोणाला आठवतंय ते?" मी म्हणालो, "माझ्या सुनेला." त्यांनी दूध घेतलं आणि गेले.

मग देवळाच्या कट्ट्यावर गेलो. तिथं आमच्या समाजातली एक अक्का रोज फुलं ओवत बसते. नव्वदीला आली आहे, डोळे गेलेत, बोटं चालतात. वीस वर्षांपूर्वी कट्ट्यावर माझ्या तोंडून ऐकणाऱ्यांतली ती एकटीच उरली आहे. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती, ओवत होती. मी थांबल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि हसली.

"कोणाची नीळ नासली, अण्णा?"

"माझी, अक्का," मी म्हणालो. "पण हे खरं आहे."

"तेव्हाही तू खरंच म्हणाला होतास," ती म्हणाली.

मी तिथंच बसून तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि ती हसायची थांबली तेव्हा उठलो आणि सरगूरची बस धरायला स्टँडवर गेलो.